गाईच्या घमेल्यातलं पाकीट

तुमच्या घरात अंगणवाडीचं पोषण आहाराचं पाकीट येत असेल तर एक सांगा: ते खातं कोण? रजिस्टरवर सही कुणाची आहे ते मी विचारत नाही. पाकीट फोडल्यावर आतलं पीठ ज्याच्या तोंडात जातं त्याला पाय किती, एवढंच विचारते आहे.

आमच्या घरात त्याला चार पाय होते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे आणि अजून ती आठवली की तोंडाला कडवट पाणी सुटतं.

मी नगरला एका छोट्या छापखान्यात अक्षरजुळणीचं काम करते. आमचं गाव घोडेगावच्या पलीकडे, हमरस्ता सोडून आत. त्या वेळी चार दिवसांची सुट्टी काढून घरी गेले होते. थंडी चांगलीच पडली होती. सकाळी आईच्या मागे गोठ्यात गेले तर ती गाईंचं आंबोण कालवत होती. घमेल्यात सरकीची पेंड, भुसा, चिमूटभर मीठ. मग तिनं कोनाड्यातून दोन पाकिटं काढली, विळ्यानं त्यांची तोंडं कापली आणि पीठ घमेल्यात ओतलं. वेलदोड्याचा गोडसर वास आला. घोडेगावच्या बाजारातून आणलेली मोठी जर्सी गाय दाव्याला हिसडे देत पुढे आली आणि नाकपुड्यांपर्यंत तोंड घालून खायला लागली. तिच्या ओल्या नाकावर ते पिवळसर पीठ चिकटलं होतं. पाकिटावर हसऱ्या बाळाचं चित्र होतं. पाकीट आता शेणात पडलं होतं.

“हे बारक्याचं ना?” मी विचारलं. बारक्या म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. त्याला सगळे तसंच म्हणतात. तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता.

“त्याच्या नावावर येतं,” आई म्हणाली. “पर ते काय मानसाचं खानं हाय व्हय? जनावराचं खाद्य ते. ह्यानं फॅट लागतं दुधाला.”

मला त्या क्षणी आईचा राग आला. तो राग मी मिरवत घरात घेऊन गेले. तो कुणावर यायला हवा होता, ते मला दुपारी कळलं.

स्वयंपाकघरात बारक्या न्याहारी करत होता. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, दोन्ही घोट्यांना काळे दोरे. समोर बशीत चहा आणि चहात भिजवलेलं बिस्कीट. बशीच्या तळाशी बिस्किटाचा लगदा झाला होता आणि तो बोटानं चाटत होता. दावणीला तीन दुभत्या गाई असलेल्या घरातलं हे एकुलतं एक लेकरू. दूध पहाटे कॅनमध्ये भरून संकलन केंद्रावर गेलेलं. घरात उरलेलं ते चहापुरतं, आणि त्यातही पाणी जास्त.

मला पाहून तो उठला. दाराची चौकट धरून उभा राहिला आणि मी त्याचे पाय पाहिले. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. दोन गुडघ्यांच्या मधून तांब्या आरपार जावा, एवढी फट. तो माझ्याकडे यायला निघाला. बदकासारखा डुलत तीन पावलं आला आणि पडला. रडला नाही. पडणं त्याच्या सवयीचं झालेलं होतं. हात टेकून तो पुन्हा उठायला लागला तेव्हा मनगटाचं हाड मला जाड दिसलं.

“हे कधीपासून?”

वहिनी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. सासूला ती आत्याबाई म्हणते. “दिवाळीपासून जास्त दिसतंय. आत्याबाई म्हणतात मी मालीश नीट केली नाही. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, लवकर उभं केलं. परवा शेजारच्या काकू म्हणून गेल्या, आईच्याच घराण्यात असंल.” तिनं तव्यावर भाकरी टाकली. “माझ्या वडिलांचे पाय बघायला कुणी आलं नाही अजून, तेवढंच राहिलंय.”

म्हणजे लेकराच्या पायाला तीन कारणं सापडली होती आणि तिन्ही कारणं त्याच्या आईपाशी येऊन थांबत होती. डॉक्टरकडे कुणी गेलं नव्हतं. दोरा मात्र दोनदा बदलून आणला होता.

मी त्याला उचललं आणि बाहेर निघाले. अंगणात लख्ख ऊन होतं. आमच्या जिल्ह्यात दुसरं काही कमी पडलं तरी ऊन कमी पडत नाही. संकलन केंद्राच्या भिंतीला पाठ लावून गावातले दहा-बारा पुरुष रांगेनं उन्हात बसलेले होते. हिवाळ्यात रोज बसतात. टोपी गुडघ्यावर, सदऱ्याची बटणं उघडी, तोंडात तंबाखू. तिथे बाई कधी बसलेली मी पाहिलेली नाही. बाई उन्हात बसली तर तिला काम नाही असं म्हणतात. पुरुष बसला तर तो ऊन खात असतो.

मी अंगणाच्या मध्यावर पोचले नाही तोच आई मागून आली. “आत घे त्याला. असं गोरं पोर हाय, उन्हात काळं पडंल.”

“पडू दे.”

“तुला पडू द्यायला काय जातंय? तू तर लगीनच करीना. उद्या त्याला पोरगी कोन देईल?”

दोन वर्षं पुरी न झालेल्या मुलाच्या लग्नासाठी त्याला सावलीत ठेवलं होतं. जन्मल्यापासून. पहिला हिवाळा अंधाऱ्या खोलीत गेला कारण बाळंतीण आणि बाळ, वारा लागू नये. उन्हाळा घरात गेला कारण उन्हाळी लागेल. पावसाळ्यात सर्दी. आणि आता हा रंग. आमच्या माणसांना गोरेपणाची जी हाव आहे तिची मला ओकारी येते. मी तिच्याबद्दल दहा ठिकाणी लिहिलंय. माझ्याच घरात ती एका पोराची हाडं वाकवत होती आणि मी लिहीत बसले होते.

दुपारी भाऊ आला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला अंदाज आला असणार. त्यानं गुपचूप फळीवरून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. टीव्हीवर जाहिरात लागते तसली पावडर. डब्यावर उड्या मारणारा मुलगा. “काही करत नाही असं समजू नकोस,” तो म्हणाला. “महिन्याला एक डबा आणतो. पाण्यात कालवून देतो. चॉकलेटचा वास आहे, आवडीनं पितो.”

“पाण्यात?”

“दूध केंद्रावर जातं ना.”

मी गोठ्यात गेले. शेणात पडलेलं पाकीट उचललं, हौदावर धुतलं आणि त्याच्या डब्याशेजारी ठेवलं. दोन्ही उलटी केली. माझे वडील त्या वेळी ओसरीवर बसून पेपर वाचत होते. ते निवृत्त शिक्षक. मी मोठ्यानं वाचायला लागले, त्यांनाही ऐकू जावं म्हणून. डब्यावर: जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व ड, लोह, कॅल्शियम. पाकिटावर: जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व ड, लोह, कॅल्शियम. प्रमाणं वेगळी होती, पण यादी जवळपास तीच. डबा विकत आणून पोराला पाण्यातून पाजायचा आणि फुकट मिळालेलं पाकीट गाईला घालायचं.

“तुम्हाला लाज वाटत नाही?” मी म्हणाले. मी हे वाक्य नेहमी चांगलं म्हणते. सभेत म्हणायची मला सवय आहे. “एकानं तरी पाकिटाची मागची बाजू वाचायची होती. एकानं तरी.”

आई धान्य पाखडत होती, तिचं सूप थांबलं. वहिनी उठली आणि गोठ्याकडे गेली. मला वाटलं रडायला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक जुना कागद होता. पेंडीच्या कोठीच्या दाराला आतून चिकटवलेला असणार, कारण मागे खळीचे डाग होते आणि एक कोपरा फाटलेला होता.

“ताई,” ती म्हणाली, “आम्ही मागची बाजू कशाला वाचणार? तुम्ही पुढची लिहून ठेवली होती की.”

माझंच पत्रक होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. दारूबंदीची, पाणी-आंदोलनाची, अंधश्रद्धेविरुद्धची, संपाची पत्रकं वडील शाळेच्या पिशवीतून आणायचे. बाराखडी मी त्यावर गिरवली. आमच्या फळ्यांवर वर्तमानपत्र कधी अंथरलं गेलं नाही, पत्रकं असायची. डाळीचा डबा उचलला की खाली एखादी घोषणा दिसायची. कॉलेजात असताना मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं ते ह्याच पाकिटांवर. त्या वर्षी आमच्या अंगणवाडीत आलेल्या पाकिटांत अळ्या निघाल्या होत्या. एका बाईनं पाकीट फोडून माझ्या तळहातावर ओतलं. पिठाला जाळी लागलेली होती आणि जाळीत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी हात झटकला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पत्रक तयार होतं. मथळा मोठ्या ठशात: “लेकरांचं अन्न की गुरांचं खाद्य?” आणि खाली, शेवटी: “हे पाकीट नाकारा. आपल्या घरात शिरू देऊ नका.”

तक्रार खरी होती. ती मी आजही मागे घेत नाही. ते पीठ ज्यानं पाठवलं त्याच्या ताटात ते वाढायला हवं होतं. पण माझं पत्रक मुदत संपलेल्या त्या खेपेबद्दल नव्हतं. ते पाकिटाबद्दल होतं, सगळ्या पाकिटांबद्दल, कायमचं. पुढच्या खेपेपासून पाकिटं चांगली यायला लागली, हे मी कुठे छापलं नाही. मी तोवर दुसऱ्या विषयावर गेले होते. गावातल्या बायांनी मात्र माझं ऐकलं. पाकीट नाकारलं तर नाव कमी होईल अशी भीती होती, म्हणून त्या सही करून आणत राहिल्या, आणि मथळ्यात मीच दिलेलं उत्तर वापरत राहिल्या. गुरांचं खाद्य ना? मग गुरांना. सकाळी आईनं गोठ्यात जे म्हटलं ते माझंच वाक्य होतं आणि मी ते ओळखलंसुद्धा नाही.

“किती घरांत?” मी विचारलं.

“ज्यांच्याकडं जनावरं हायती त्या समद्यांच्यात,” आई म्हणाली. “शेळीवाल्या शेळीला घालत्यात. लई गुन येतो म्हनत्यात.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरं तर अभिमान होता. तिच्या शिकलेल्या मुलीनं सांगितलेलं गावानं ऐकलं होतं.

वडिलांनी पेपर खाली ठेवला. “तेव्हा मी तुला एक विचारलं होतं,” ते म्हणाले. “आठवतं?”

आठवत होतं. छापण्याआधी मी त्यांना कच्चा मसुदा दाखवला होता. त्यांनी कागद उलटून पाहिला होता आणि म्हणाले होते, मागची बाजू कोरी का? पाकीट नाकारल्यावर पोरानं खायचं काय, ते मागं लिही. मी म्हणाले होते, पत्रक म्हणजे पाककृतीचं पुस्तक नव्हे.

मला गाईची किळस आली होती, चहाच्या लगद्याची आली होती, काळ्या दोऱ्यांची, गोऱ्या रंगाच्या हावेची आली होती. त्या दुपारी हातात स्वतःचं पत्रक धरून जी आली ती मात्र गेलेली नाही. माझ्या हातावरच्या दोन अळ्यांमुळे मी एवढी भडकले, आणि नंतर कुठल्या पोराच्या हाडांत काय चाललंय ते पाहायला एकदाही परत आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही श्रीरामपूरला गेलो. मी, वहिनी आणि बारक्या, एसटीनं. लहान मुलांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बारक्याला टेबलावर उभं केलं, मनगट दाबून पाहिलं, हाडांचा फोटो काढायला पाठवलं, रक्त घेतलं. फोटो दिव्यासमोर धरून म्हणाल्या, “मुडदूस.”

हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता, तक्त्यात. जीवनसत्त्व एका बाजूला, रोग दुसऱ्या बाजूला, जोड्या लावा. मला पूर्ण गुण मिळाले होते.

“ऊन दाखवत नाही का ह्याला?”

“सकाळचं कोवळं ऊन दाखवतो कधी कधी,” वहिनी म्हणाली. “खिडकीतून. काच लावून, गार वारा येतो म्हणून.”

“काचेतून येतो तो उजेड. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात हाडांना फारसं काही मिळत नाही. सूर्य जरा वर येऊ दे. दहानंतर, तीनच्या आत. हातपाय उघडे. रोज थोडा वेळ.” मग त्यांनी औषध लिहिलं आणि ते किती दिवस, कसं द्यायचं ते दोनदा समजावलं. मी पाकिटाचं विचारलं. मला वाटलं त्या मला झापतील. मला तसं झालेलं चाललं असतं.

त्या म्हणाल्या, “नुसत्या पाकिटानं हे बरं होणार नाही आणि नुसतं पाकीट नव्हतं म्हणून हे झालेलंही नाही. ऊन नाही, दूध नाही, चहा-बिस्कीट, आणि पाकीटही नाही. एक दार उघडं असतं तरी एवढं झालं नसतं. तुम्ही सगळी लावून घेतलीत.” मग वहिनीकडे पाहून, “तुमची पाठ दुखते?”

वहिनी हसली. “ती काय, कामानं दुखते.”

“तुमचंही रक्त देऊन जा.”

तिचंही ड जीवनसत्त्व कमी निघालं. पहाटे अंधारात उठून चुलीशी, दिवसभर गोठ्यात आणि पत्र्याखाली, आणि बाहेर निघाली की डोक्यावरून पदर कोपरापर्यंत. आमच्या गावात उन्हात राबणाऱ्या बाया आहेत आणि उन्हाशेजारी राहून ऊन न मिळालेल्याही आहेत. वहिनी दुसऱ्यांतली.

परतताना स्टँडवर तिनं एक पिशवीचं दूध घेतलं. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं: गाईच्या दुधात कॅल्शियम असतं, पण ड जीवनसत्त्व नावापुरतं, काही पिशव्यांवर अधिकचं चिन्ह आणि पुढे एफ असं छापलेलं असतं, त्यात ते वरून घातलेलं असतं, तेलाच्या पिशवीवरही ती खूण बघा. वहिनीनं दुकानदाराकडून तीन पिशव्या उलटसुलट करून घेतल्या आणि खूण सापडल्यावरच पैसे दिले.

घरी आईनं ती पिशवी पाहिली आणि कपाळावर हात मारला. “दावनीला तीन गाया आन घरात पिशवी? लोक तोंडात शेन घालतील आपल्या.”

“आत्याबाई,” वहिनी म्हणाली, “आपलंच दूध आहे ते. केंद्रावर जातं, शहाणं होऊन परत येतं.”

माझा भाऊ हसला. आई हसली नाही. तिनं पिशवी उचलून देव्हाऱ्यामागे लपवली, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. पण बारक्याला त्या संध्याकाळी पेला भरून दूध तिनंच पाजलं.

दोन दिवसांनी मी नगरला परतले, पण त्याआधी एक दुपार पाहिली. बारक्या उघड्या अंगानं अंगणात बसला होता आणि त्याच्याशेजारी पोत्यावर वहिनी, बाह्या वर करून. समोरच्या वाटेनं शेजारच्या काकू चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, “काय गं, भर दुपारचं सून उन्हात? पापडावानी वाळत घातलीय का काय तुला?”

“व्हय काकू,” वहिनी म्हणाली. “वाळवून ठेवतात, पावसाळ्यात तळायला.”

काकू तोंडाला पदर लावून गेल्या. पुढच्या घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. वहिनी उठली नाही.

आता पुन्हा हिवाळा आहे. बारक्याच्या गुडघ्यांमधली फट कमी झाली आहे. गेली नाही. डॉक्टर बाई म्हणतात लहान वय आहे, वाढता वाढता सरळ होतील. नक्की किती ते पाहावं लागेल. तो पळतो आणि कमी पडतो. पाकिटाच्या पिठाची लापशी आई आता स्वतः शिजवते, गूळ घालून. चांगली लागते. मी खाऊन पाहिली. पाच वर्षांपूर्वी, पत्रक लिहिण्याआधी, चांगल्या पाकिटातली खायला हवी होती.

पण गावातल्या बाकीच्या घरांत अजून घमेलीच भरतायत. मी दारोदार गेले तर बाया म्हणतात, आधी असं म्हणालात, आता तसं म्हणताय, उद्या काय म्हणाल? बरोबर विचारतात.

म्हणून हे लिहिते आहे, आणि तुम्हाला एक काम सांगते आहे. माझं ते जुनं पत्रक तुमच्या कोठीला, फळीला, कुठेही चिकटलेलं असेल तर आज ते काढा. फेकू नका. उलटं करा. मागची बाजू कोरी आहे, ती मीच कोरी ठेवली होती. तिच्यावर तुमच्या हातानं लिहा: पाकीट उघडून बघायचं, मुदत वाचायची, खराब असेल तर अंगणवाडीत परत नेऊन भांडायचं, चांगलं असेल तर लेकराला शिजवून घालायचं, आणि दुपारी लेकरू आणि त्याची आई, दोघांना उन्हात बसवायचं. मग तो कागद गोठ्यात नको, चुलीच्या वर लावा, आणि पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः त्या दोघांबरोबर उन्हात जाऊन बसा.